सणासुदीचे नाच आणि पायांची निगा

श्रावणातील पहिल्या मंगळागौरीपासून कोजागिरीच्या रात्रीपर्यंतचा काळ हा महाराष्ट्रात नाचाचा काळ होय. घरोघरी झिम्मा-फुगडी रंगते, गौरी-गणपतीच्या दिवसांत कोकणात जाखडीचा फेर धरला जातो, विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम व ढोल यांची पथके निघतात, आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून नऊ रात्री गरबा व दांडिया चालतो. गुजरातच्या गरब्याचा समावेश युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. मुंबई, पालघर व खानदेश या भागांत हे नृत्य केव्हाच घरचे झाले असून आता अन्यत्र तालुक्याच्या गावीही त्यासाठी मैदाने आखली जातात.

याच काळाच्या शेवटी शेतीच्या कामाची घाई सुरू होते. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी आणि हळव्या भाताची कापणी येते. नवरात्रात घोटा मुरगळला, तर कचेरीत काम करणारा माणूस पाय बांधून खुर्चीवर बसू शकतो. शेतमजूर स्त्रीला मात्र वाकता येत नाही, बसता येत नाही, ओझे घेऊन बांधावरून चालता येत नाही. घोट्याची साधी दुखापत बरी होण्यास दोन-तीन आठवडे लागतात आणि नेमके तेच आठवडे तिच्या वर्षाच्या कमाईचे असतात. नाचातील दुखापतींचा विचार हा हौशी लोकांपुरता नाही, तो ग्रामपंचायतीने व शाळेनेही करावयाचा आहे, असे म्हणावे लागते ते यासाठी.

या दुखापतींचा दोष सामान्यतः नाचाला किंवा नाचणाऱ्याच्या वयाला दिला जातो. बारकाईने पाहिले तर तो बहुतांशी अन्यत्र असल्याचे दिसून येते.

गाणाऱ्याचा श्वास

जुन्या नाचांमध्ये एक गोष्ट समान होती. जो नाचे तोच गाई, किंवा गाणारा नाचणाऱ्यांच्या मध्यभागी असे. मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा खेळणाऱ्या स्त्रिया स्वतःच गाणी म्हणतात. दम लागला की गाणे मंदावते, आणि गाणे मंदावले की पावलेही मंदावतात. उभ्याने खेळावयाच्या दोन-तीन खेळांनंतर बसून खेळावयाचा एखादा खेळ येतो, मध्येच उखाणे होतात, कोणी पाणी पिऊन येते. पालघर जिल्ह्यातील वारली समाजाच्या तारपा नृत्यात तारपा फुंकणारा वादक फेराचे नेतृत्व करतो आणि नाचणाऱ्यांची गती त्याच्या फुंकीवर ठरते. रात्र रात्र चालणारा हा नाच पायांना झेपतो, कारण त्यात वेग चढतो तसा उतरतोही. गरब्यातही मूळ प्रथा अशीच होती. दिवा ठेवलेल्या छिद्रांच्या मातीच्या घटाभोवती फेर धरावयाचा, एकीने ओळ म्हणावयाची आणि इतरांनी ती झेलावयाची. प्रारंभ संथ टाळ्यांचा असे आणि द्रुत लय अखेरीस येई.

व्यायामशास्त्रात श्रमाची मर्यादा ओळखण्याची एक सोपी खूण सांगितली जाते. श्रम करताना बोलता येत असेल तर श्रम मध्यम, आणि दोन-चार शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागत असेल तर ते तीव्र समजावेत. गाता गाता नाचण्याच्या प्रथेत ही कसोटी आपोआप लागत असे. श्वास हाच लगाम होता.

ध्वनिवर्धकाने हा लगाम काढून घेतला. यंत्रावरील गाण्याला दम लागत नाही आणि एक गाणे संपण्यापूर्वी दुसरे सुरू होते. पहिल्याच गाण्यापासून लय द्रुत असते, तीन-तीन तास ती तशीच राहते, आणि मैदानात शेकडो माणसे एकाच वेळी नाचत असल्याने मध्येच थांबणे कोणालाही कमीपणाचे वाटते. वर्षभर बसून काम केलेले शरीर अशा लयीला अचानक जुंपले जाते. पायांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे. नाच तोच राहिला, पण त्यातील विसावे गेले.

ध्वनिवर्धक सर्वत्र बंद होतील अशी अपेक्षा कोणी करू नये. तथापि गेलेले विसावे परत आणणे आयोजकांच्या हाती आहे आणि त्यास खर्च नाही. पहिली पंधरा मिनिटे केवळ संथ लयीची ठेवावीत. ही लय म्हणजेच शरीर तापविण्याचा व्यायाम असून त्यासाठी वेगळी कवायत घेण्याची आवश्यकता उरत नाही. त्यानंतर दर पाऊण तासाने दहा मिनिटांचा थांबा असावा. आरती, बक्षीसवाटप, गावातील सूचना, पाहुण्यांचे भाषण हे सारे शेवटी एकत्र न करता या थांब्यांमध्ये वाटून द्यावे. (पाहुण्यांचे भाषण दहा मिनिटांत आटोपण्यासही त्यामुळे एक सबळ कारण मिळते.) शेवटचे गाणे पुन्हा संथ असावे, म्हणजे धावती नाडी हळूहळू उतरते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्या जागी ध्वनिवर्धक वाजविण्यास मनाई आहे. सण-उत्सवांच्या मोजक्या दिवशी, वर्षाकाठी पंधरापेक्षा अधिक नाहीत इतक्या दिवशी, राज्य शासनाला ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. हा नियम शेजाऱ्यांच्या शांततेसाठी केलेला असला, तरी तो नाचणाऱ्यांच्या पायांसाठीही हितकर आहे. नऊ रात्री झोप अपुरी झालेल्या शरीरात स्नायूंची झीज भरून येत नाही, पाऊल टाकण्यातील अचूकता कमी होते, आणि पाचव्या-सहाव्या रात्री पाय मुरगळण्याचे प्रसंग वाढतात.

शरीरात काय घडते

पहिल्या रात्रीनंतर पोटऱ्या व मांड्या भरून येतात. हे दुखणे दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी अधिक जाणवते आणि पुढे आपोआप ओसरते. साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे ते होते अशी जुनी समजूत आहे. वस्तुतः ते आम्ल श्रम थांबल्यावर तासाभरात रक्तातून नाहीसे होते. दुखणे येते ते स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांमुळे, आणि अशा चिरा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागला म्हणजे अधिक पडतात. उडी मारून खाली येताना, बैठकीत जाताना किंवा गिरकी अचानक थांबविताना नेमके हेच घडते. सवय नसलेल्या हालचालीने ते होते आणि सवयीने कमी होते. त्यास घाबरण्याचे कारण नाही.

हाडांची गोष्ट वेगळी आहे. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, हाडांना महिने लागतात. शिवाय नवा ताण पडू लागला म्हणजे हाड प्रथम आपला जुना भाग झिजविते आणि मग तेथे नवा भाग भरते. त्यामुळे मधले काही आठवडे ते आधीपेक्षा नाजूक असते. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने लांबच्या कूचेनंतर सैनिकांची पावले सुजतात व दुखतात, अशी नोंद केली. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर ही पावलांच्या लांब हाडांना पडलेली बारीक चीर असल्याचे आढळले. अपघात झालेला नसतो, पडणे झालेले नसते, केवळ तोच आघात हजारो वेळा झालेला असतो. नडगीच्या कडेला किंवा पावलाच्या वरच्या अंगाला बोटाने दाबून दाखविता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, नाचताना ते वाढत असेल आणि विश्रांतीतही राहत असेल, तर पाय भरून आल्याचे दुखणे म्हणून ते अंगावर काढू नये.

यावरून पूर्वतयारीचा कालावधी ठरतो. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात केलेल्या सरावाचा उपयोग पावले पाठ होण्यापुरताच असतो. शरीराची तयारी किमान चार ते सहा आठवडे आधी, म्हणजे गणेशोत्सवाच्या सुमारास सुरू व्हावी. तिला साधने लागत नाहीत. रोज अर्धा तास झपझप चालणे. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा सावकाश उचलणे व त्याहून सावकाश खाली टेकविणे, पंधरा-पंधरा वेळा दोनदा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उठाबशा. आणि एका पायावर अर्धा मिनिट स्थिर उभे राहणे. यांपैकी शेवटचा प्रकार क्षुल्लक वाटतो, परंतु घोट्याचा तोल राखणाऱ्या संवेदना त्याने तरतरीत होतात. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो, आणि तो संभव कमी करण्यास तोलाच्या व्यायामाइतका स्वस्त उपाय नाही. शाळांच्या शारीरिक शिक्षणाच्या तासात हे सहज बसते. उठाबशा हा प्रकार शिक्षा म्हणून शाळेत नाहक बदनाम झाला आहे. नाचाची तयारी म्हणून मुलांनी तो हसत केला तर त्याचीही अब्रू वाचेल.

जमीन

नाचाची जागा निवडताना गावात बहुधा देवळापुढील फरसबंदी, सिमेंटचा रस्ता किंवा बाजाराचा ओटा पुढे येतो, कारण तेथे दिवे असतात आणि चिखल नसतो. पायांच्या दृष्टीने याहून वाईट निवड क्वचितच असेल. सिमेंट मुळीच दबत नाही, त्यामुळे प्रत्येक उडीचा आघात टाच, नडगी, गुडघा व कंबर यांनाच सोसावा लागतो. जुना नाच शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा मातीच्या खळ्यावर होई, आणि तो अनवाणी केला जाई, हे दोन्ही एकमेकांना धरून होते. आज अनवाणी नाचण्याची प्रथा राहिली व अंगण मात्र गेले. वर्षभर चपला-बूट वापरणाऱ्या तळपायाला अशा फरशीवर तिसऱ्या रात्री फोड येतात आणि टाचेखालच्या पट्ट्याला सूज येते. सकाळी बिछान्यातून उठून टाकलेले पहिले पाऊल जर टाचेत कळ आणत असेल, तर ती या सुजेची खूण समजावी.

म्हणून शाळेचे मातीचे पटांगण ही सर्वांत योग्य जागा होय. घटस्थापनेच्या चार दिवस आधी तेथील खड्डे भरून घ्यावेत, खडे, काचा, खिळे वेचावेत, पाणी मारून रोलर फिरवावा, आणि रोज सायंकाळी धूळ बसण्यापुरता हलका शिडकावा करावा. चिखल होईल इतके पाणी नको. फेराच्या वर्तुळात विजेची तार जमिनीवरून नेऊ नये. ती न्यावीच लागली तर पुरून किंवा उंचावरून न्यावी. सतरंज्या व ताडपत्र्या पसरून फरशी मऊ केल्याचे समाधान मिळते, पण त्यांच्या सुरकुत्यांत पाय अडकतो. फरशीवरच नाच करावयाचा असेल तर समईचे किंवा दिव्यांचे तेल सांडणार नाही अशी दिव्यांची जागा वर्तुळाबाहेर किंवा मध्यभागी कठडा करून ठेवावी, आणि अशा जागी अनवाणी पायांचा आग्रह न धरता पातळ, वाकणाऱ्या तळाचे, टाचेला घट्ट बसणारे कापडी बूट घालण्यास मुभा द्यावी. उंच टाचांची पादत्राणे मात्र कोणत्याही जागी नकोत. प्रकाश वर्तुळाच्या कडेपर्यंत पोचतो की नाही, हे आयोजकांनी पहिल्या रात्रीपूर्वी स्वतः फिरून पाहावे. पडण्याचे प्रसंग मध्यभागापेक्षा कडेलाच अधिक घडतात.

खिळा किंवा काच लागल्यास जखम लहान असली तरी साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

पाऊल, गिरकी, फुगडी

गरब्याचा फेर बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणजे नऊ रात्री तेच वळण, आणि दोन पायांवर पडणारा ताण सारखा नसतो. एका बाजूची कंबर किंवा एकच गुडघा दुखणाऱ्यांनी यात आपले कारण शोधावे. घरी सराव करताना दोन्ही दिशांनी करावा, आणि थांब्याच्या वेळी उलट दिशेने चार फेऱ्या चालावे. गिरकी घेताना पाऊल जमिनीवर घट्ट रोवून वरचे शरीर फिरविणे हे गुडघ्याच्या आतील गादीला इजा होण्याचे मुख्य कारण आहे. पाऊल हलके उचलून लहान-लहान पावलांत वळावे. खाली वाकून टाळी देताना पाठीचा कणा न वाकविता खुब्यातून व गुडघ्यातून वाकावे. आरशांचे काम केलेला घेरदार घागरा काही किलो वजनाचा असू शकतो, आणि गिरकीत त्याचा ओढा कमरेवर पडतो. तो घालून सराव केलेला नसेल तर पहिल्याच रात्री तो घालून नाचणे म्हणजे अंगावर अनोळखी ओझे घेऊन नाचणे होय. दांडियाच्या टिपऱ्यांना टोके नसावीत, आणि लहान मुलांचा फेर मोठ्यांच्या फेरापासून वेगळा असावा, इतके पाळले तर डोळ्यांच्या व बोटांच्या इजा बहुतांशी टळतात.

लेझीम व ढोल यांत भार पायांबरोबर पाठीवर येतो. ढोलाचा पट्टा कमरेला असा बांधावा की ढोल शरीराला चिकटून राहील. लोंबता ढोल पाठ मागे ओढून धरावयास लावतो. मिरवणुकीत वादकांची पाळी बदलण्याची पद्धत अनेक पथकांत असते. ती केवळ सर्वांना संधी मिळावी म्हणून नव्हे, तर पाठीसाठीही आवश्यक आहे. कर्ण्यांच्या अगदी पुढे नाचणाऱ्यांच्या कानांत दुसऱ्या दिवशी घूं आवाज येतो, तो कानाच्या नाजूक पेशी दुखावल्याचा इशारा असतो.

फुगडीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण ती मुली लहान वयातच खेळू लागतात. फुगडीत दोघींचे वजन एकमेकींच्या मनगटांवर तोललेले असते. जोडी सारख्या उंचीची व वजनाची असावी, पकड बोटांची नसून मनगटाची असावी, हात ओले किंवा तेलकट नसावेत, आणि थांबावयाचे ते दोघींनी सांगून, वेग उतरवून. मध्येच हात सुटला तर पडणारी स्त्री हात टेकते आणि मनगटाचे हाड मोडते. पन्नाशीनंतर हाडे विरळ होत असल्याने हा धोका वाढतो. त्या वयाच्या स्त्रियांनी फुगडी सोडावी असे नाही, पण ती सावकाश खेळावी. बसफुगडी मात्र गुडघे दुखणाऱ्यांनी टाळणेच बरे, आणि गरोदर स्त्रियांनी गिरक्यांचे खेळ खेळू नयेत.

चार-पाच वर्षांखालील मुलाला हाताने धरून गरगर फिरविण्याची मोठ्यांना फार हौस असते. या वयात कोपराजवळील हाडाचे टोक त्याच्या बंधनातून ओढ्याने निसटू शकते. मूल रडते, हात अंगाशी धरून ठेवते, तो हात वापरत नाही, आणि बाहेरून सूज काहीच दिसत नाही. ते हट्ट करते आहे असा समज होतो. अशा वेळी हात ओढून पाहू नये, मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे. जाणकार डॉक्टर एका हालचालीत सांधा जागेवर आणतात आणि मूल काही मिनिटांत खेळू लागते.

उपवास, पाणी आणि हृदय

नवरात्रात अनेक स्त्रिया नऊ दिवस उपवास करतात, दिवसभर घरकाम किंवा नोकरी करतात आणि रात्री नाचतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात जोमाने नाचणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. पाणी व मीठ कमी झाले की पायांत गोळे येतात, चक्कर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या स्त्रीच्या रक्तात लोह कमी, तिला त्याच नाचात इतरांपेक्षा लवकर धाप लागते आणि तिचे हृदय अधिक जोराने धावते.

उपवास कोणी मोडावा असे येथे सुचवावयाचे नाही. साबुदाणा व बटाटा यांनी पोट भरते, पण त्यांत प्रथिने फारशी नसतात. दूध, दही, ताक, शेंगदाणे, राजगिरा हे पदार्थ उपवासाला चालतात आणि स्नायूंना लागणारा अंश त्यांतून मिळतो. नाचाच्या दीड-दोन तास आधी हलका आहार घ्यावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी प्यावे. मैदानावर आयोजकांनी पाण्याबरोबर लिंबू-सरबत ठेवावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. उपवास असणाऱ्यांना तेच सैंधव घालून देता येईल. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपवास व नाच एकत्र करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. हात थरथरणे, थंड घाम, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे होत. माणूस शुद्धीवर असेल तर त्यास लगेच साखर किंवा गूळ द्यावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गुजरातेत गरब्याच्या दिवसांत हृदयविकाराने काही मृत्यू घडल्याचे वृत्त आले. त्यांत तरुणही होते. तेथील शासनाने आयोजकांना मैदानावर रुग्णवाहिका व वैद्यकीय साहाय्य ठेवण्यास सांगितले. त्यानंतरच्याच महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील अकस्मात मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुटुंबात पूर्वी असा मृत्यू झालेला असणे, कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागलेले असणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अति मद्यपान किंवा अति तीव्र श्रम केलेले असणे, या गोष्टींशी अशा मृत्यूंचा संबंध त्यात आढळला. लसीकरणाने धोका वाढल्याचे आढळले नाही. नाचाने मृत्यू येतो असा याचा अर्थ कोणी काढू नये. सवय नसलेल्या शरीराला एकाएकी कमाल श्रमाला लावू नये, इतकाच त्याचा अर्थ आहे, आणि तो पायांच्या बाबतीत वर सांगितलेल्या गोष्टीहून वेगळा नाही.

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, अकारण घाम, श्वास अपुरा पडणे, यांपैकी काही जाणवताच नाच थांबवून बसावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. कोणी कोसळला, हाक मारून प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, असे दिसल्यास रुग्णवाहिकेची वाट पाहत उभे राहू नये. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छाती सुमारे ५ सेंटीमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाबत राहावे. आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांकडून हे शिकलेले चार स्वयंसेवक प्रत्येक मैदानावर असावेत, आणि मंडपाला परवानगी देताना ग्रामपंचायतीने त्यांची नावे मागून घ्यावीत. रुग्णवाहिका आत येण्याइतका रस्ता मोकळा राहतो का, हेही त्याच वेळी पाहावे. दुचाकींच्या गर्दीने हा रस्ता प्रथम बंद होतो.

मुरगळल्यावर

पाय मुरगळला की गावात पहिला उपाय होतो तो गरम तेलाने चोळण्याचा. पहिल्या दोन दिवसांत हा उपाय अपायकारक असतो. तुटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तस्राव चालू असताना शेकणे व चोळणे यांनी सूज वाढते. या काळात पायाला आराम द्यावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे दिवसातून तीन-चार वेळा लावावा, बोटांकडून वर पोटरीकडे लवचीक पट्टी बांधावी, आणि पाय उशीवर उंच ठेवावा. बोटे बधिर किंवा निळी पडली तर पट्टी सैल करावी. दोन दिवसांनी मात्र पडून राहू नये. दुखणार नाही इतपत घोटा हलविणे व चालणे सुरू करावे; त्याने अस्थिबंध लवकर भरून येतात.

हाड मोडले आहे की नाही, याचा अंदाज घेण्याची एक सोपी कसोटी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली व ती जगभर वापरली जाते. दुखापतीनंतर लंगडत का होईना चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, पावलाच्या बाहेरच्या अंगाच्या मध्यावर अथवा आतल्या अंगाच्या उंच हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. तोवर हाडवैद्याकडून पाय ओढून घेऊ नये. वेदनाशामक गोळी आधीच घेऊन नाचावयास जाण्याची प्रथा अलीकडे पडू लागली आहे. दुखणे हा शरीराचा इशारा असतो, गोळीने तो ऐकू येईनासा होतो. शिवाय अंगातील पाणी कमी झालेले असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडांना बाधतात.

शाळेत नवरात्राच्या दिवसांत लंगडत येणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी खेळाच्या तासाला बसवून ठेवावे व त्याच्या घरी कळवावे. दसऱ्यानंतर सोयाबीनच्या किंवा भाताच्या शेतात उतरणाऱ्या स्त्रियांनी पहिले दोन दिवस वाकण्याचे व ओझ्याचे काम अर्धे करता आले तर करावे. आणि कोजागिरी उलटून दोन आठवडे झाले तरी टाच, नडगी किंवा गुडघा दुखतच असेल, तर आशा कार्यकर्तीमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवून पाय दाखवून घ्यावा.